नऊ सेकंद

थेन ब्रॉडबेंटच्या दुकानात
मी दोन वर्षं नोकरी केली.
युटातलं गाव, एकुलता एक सिग्नल,
पलीकडे चर्चचा सुळका, अलीकडे टायरवाला,
मधे आम्ही.
काचेवर पाटी: घरच्यांसोबत बघा, निर्धास्त.

काम सोपं होतं. पुढे-मागे, पुढे-मागे,
तांदळातले खडे वेचावेत तसं.
उघडी पाठ, चौदा सेकंद.
शिवी, अर्धा.
खडा काढला की वहीत नोंद:
वेळ, लांबी, कारण.

गावानं काही बघू नये म्हणून
मी एकटी सगळं बघत होते.
एकोणीस वर्षांची.
तीच पाठ पन्नास वेळा,
कुठे कापलं तर सांधा दिसणार नाही
एवढंच शोधत.
आणि रविवारी लारू आजी माझा हात हातात घेऊन म्हणायच्या,
किती निर्मळ काम करतेस गं.

हसू नका.
मार्वेल टटलला पाच पोरं, नवरा ट्रकवर.
शुक्रवारी ती यायची, तीन डॉलर मोजायची,
कडेवरचं पोर या हातातून त्या हातात घेत म्हणायची,
माझ्या घरात काय दिसावं ते मी ठरवते.
ही निवड नाही तर काय?
तिला कुणी बळजबरी केली नव्हती.
तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.
आजही शोधायला बसले तर
मार्वेलच बरोबर निघते,
मग डेलोस आठवतात.

डेलोस ऑकरमन. ब्याऐंशी वर्षांचे,
टोपीवर जुन्या जहाजाचं नाव.
युद्धाचा सिनेमा परत घेऊन आले.
"ह्यात तो पोरगा मरत नाही."
मरतो, मी म्हटलं.
"नाही. पडतो. आणि एकदम सकाळ होते."

मी वही काढली. बोट फिरवलं.
नऊ सेकंद.
कारण: देवाचं नाव व्यर्थ घेतलं.

त्यांनी चष्मा लावला.
एक ओळ वाचायला माणसाला
इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.
"व्यर्थ?" ते म्हणाले.

मग काउंटरवरच्या पेनाशी चाळा करत,
माझ्याकडे न बघता:
"फेरिन आणि मी एकाच वर्गात बायबल शिकलो.
त्या बेटावर, वाळूत, पोट दोन्ही हातांनी धरून
तो हेच ओरडला होता.
पुढे साठ वर्षं मी चर्चमधे बसतोय, पोरी.
तेवढी खरी प्रार्थना
परत कानावर आली नाही."
जाता जाता विचारलं,
"कापलेलं कुठे ठेवता तुम्ही?"
कुठेच नाही, मी म्हटलं. पुसतो.

वसंतात कॅलिफोर्नियाहून वकिलांचं पत्र आलं.
सिनेमा त्यांचा, त्यातला क्षणही हलवायचा नाही.
बघणाऱ्याला काय हवं
हे त्यांनीही विचारलं नव्हतं.
थेननं शटर ओढलं, कुलूप लावलं,
कुलूप लागलंय का ते तीनदा ओढून पाहिलं.
मार्वेल शेवटची डिस्क दोन दिवस उशिरा घेऊन आली,
नको नको म्हणताना
दंड भरून गेली.

मी मूळ सिनेमा मिळवला, अख्खा,
आणि डेलोसच्या घरी गेले.
पडदे ओढले. खुर्ची जवळ घेतली.
गोळी लागली. पोरगा वाळूत कोसळला,
तोंड उघडलं,
आणि डेलोस म्हणाले, "थांबव."

मी थांबवलं.
उघड्या तोंडाचा तो पोरगा
पडद्यावर थरथरत राहिला,
जुनी मशीन थांबवलेलं चित्र थरथरवतात तसा.

"ते माझ्याकडे दे," ते म्हणाले.
मी रिमोट त्यांच्या हातात दिला.
अंगठा बटणावर होता, दाबलेला नव्हता.

पाणी आणते, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.
ग्लास भरला, ओसंडला,
तरी नळ
मोठाच राहू दिला.