शुद्धिपत्र

डिमांड दाराच्या फटीतून आत सरकवली होती.
सात महिन्यांच्या धुळीवर पालिकेचा कागद,
घडी न मोडलेला.
कुलपाला आता दोन्ही हात लागतात,
एकानं कडी वर ओढून धरायची, मग किल्ली.
हे काकाजींनी कधी सांगितलं नव्हतं,
तेच उघडायचे आतून.

नंदनवनातलं घर, दोन खोल्या नि स्लॅब.
मागे एक सीताफळ, कोणी न लावलेलं,
त्याचाही बिलात रकाना आहे: वृक्ष कर.
कूलरच्या टाकीत पाण्याच्या पांढऱ्या रेघा,
दर उन्हाळ्याची वेगळी.
डब्यात पावशेर तांदूळ.
भोगवटादार, कागद म्हणतो: स्वतः.

नेहरूनगर झोनला पोचले तेव्हा बाहेर पंचेचाळीस,
आत एकच कूलर,
अख्खी रांग त्याच्याकडे तिरपी झालेली.
"मयत आहे का?" मेश्राम मॅडम म्हणाल्या.
"मग नाव कमी करून घ्या न.
दाखला लावा, वारसान लावा,
स्टॅम्पवर सगळ्यांच्या सह्या."
वारसान सात. सह्या तीन.
रायपूरचा प्रफुल्ल हो हो म्हणतो,
भिलाईची ताई म्हणते, विकायचं का ते आधी ठरवा.
"आणि रिकामंच आहे न घर? तसं लिहून द्या."
मी पेनाचं टोपण काढलं,
आणि काढूनच ठेवलं.

छापखान्यात तेहतीस वर्षं
त्यांनी लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले.
बदल्या, नेमणुका, जप्तीच्या नोटिसा
त्यांच्या लाल पेन्सिलीखालून शुद्ध होऊन जायच्या.
पुढे पालिकेच्या कॉम्प्युटरनं रजिस्टरं गिळली
आणि ते झाले
रुशी ढकाते.
त्यावर अकरा अर्ज.
पोचपावत्या टाचणीनं लावलेल्या, पत्र्याच्या पेटीत.
नवव्यात लिहिलंय: साहेब, मला सूट नको. ध हवा.
कर मात्र मुदतीच्या आत, पूर्ण,
आणि पावती हातात आली की तिथंच, काउंटरवर टेकून,
समासात दुरुस्ती.
मागून कोणी तरी ओरडायचं, चला न बाबाजी, काय करून राहिले!

मी चौथीत असताना त्यांनी खुणा शिकवल्या होत्या.
गाळायचं तर असा वेटोळा.
जोडायचं तर खाली कमान.
आणि काट मारल्यावर वाटलं, शब्द हवा होता,
तर खोडायचं नाही, पोरी.
त्याच्याखाली टिंबं द्यायची
आणि समासात लिहायचं: राहू द्या.

रांगेत घाम पुसताना मी बिल दुसऱ्यांदा पाहिलं.
मालकाचे नाव:
ऋषी सोनबाजी धकाते.
ऋ बरोबर. षी दीर्घ.
ध.
कुठल्या अर्जावर, कुठल्या टेबलावर, कोणाला
अचानक पाझर फुटला कोण जाणे.
मागच्या वर्षी जूनमध्ये ढ होता.
ऑक्टोबरात ते गेले.

"नाव आज नाही कमी करत," मी म्हटलं. "पैसे घ्या."
"पुढच्या साली पुन्हा त्याईच्याच नावानं येईन मग."
"येऊ द्या."
मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली,
मग शिक्का मारला.
चार हजार एकशे बारा, सीताफळ धरून.

संध्याकाळी पेटीत पावती ठेवायला परत गेले.
पेन्सिल होती, बोटभर उरलेली,
टोक त्यांनीच ब्लेडनं केलेलं.
पावतीवर नाव पुन्हा वाचलं,
हात लावण्यासारखं काही नव्हतं.
खालच्या ओळीत भोगवटादार: स्वतः.
मी त्यावर काट मारली.
रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला,
त्याचा आवाज चौकात वळेपर्यंत
मी तशीच बसून होते.
मग खाली टिंबं दिली. एक, दोन, तीन.
समास अरुंद होता,
तरी मावलं.