शुद्धिपत्र

तार्तू. विद्यापीठाचं तळघर, तिसरं दालन.
तापमान अठरा, आर्द्रता चाळीस,
आणि युता कांग्रोच्या अंगात दोन स्वेटर.
कागदाला मानवतं ते माणसाला मानवेलच असं नाही.

वरून यादी आली आहे: नियतकालिकं, उतरत्या क्रमाने.
प्रत्येकापुढे आकडा, दशांशानंतर तीन घरं.
कुणी कुणाचं नाव किती वेळा घेतलं,
भागिले, कोण किती बोललं.
सरोवरांवरचं हे राखाडी त्रैमासिक पार तळाशी,
शून्य पूर्णांक दोनशे अकरा सहस्रांश.
शेजारी शेरा:
स्कॅन करून मूळ प्रती निकाली काढाव्यात.

स्कॅन झालेही.
पोरं चांगली होती, म्हणते युता,
हात धुऊन यायची, शिंकायची ती बाहेर जाऊन.
आता ती पडताळते आहे,
एक पान पडद्यावर, तेच पान मांडीवर.

मी समोर बसलोय. मला एक तक्ता हवा होता,
एकोणीसशे सदुसष्ट, अंक दुसरा, पान अठ्ठ्याऐंशी.
तिने अंक उघडला
आणि एक चिठ्ठी घसरून माझ्या बुटापाशी पडली.
दोन बोटं रुंद. डिंक केव्हाच सुकलेला.

'तक्ता तीन, ओळ सात.
बर्फाची जाडी १४ नव्हे, ४१ वाचावी.
चूक माझी, छापखान्याची नव्हे.
ह. सारापू'

युताने एकेक शब्द मला इंग्रजीत सांगितला,
मग पडद्याकडे पाहिलं.
पडद्यावर चिठ्ठी नव्हती.
सुटे कागद मोजायचे नाहीत, असं करारात होतं.

चौदा सेंटिमीटरवर माणूस जपून चालतो.
एकेचाळीसवर लाकडं भरलेला ट्रक जातो.
त्या चौदाचा हवाला आजवर एकशे बारा जणांनी दिला.
एकाने त्यातून वक्ररेषा काढली,
दुसरा त्या रेषेशी भांडला,
तिसरा त्या भांडणावर प्राध्यापक झाला.
चिठ्ठीचा हवाला: शून्य.
आणि यातलं काहीच त्या तीन घरांच्या आकड्याच्या कानी गेलं नाही,
त्याला गेल्या दोन वर्षांपलीकडचं ऐकू येत नाही.

मी विचार करत राहिलो छापखान्याचा.
सगळे त्याच्यावरच ढकलतात, खिळे काही उलट बोलत नाहीत.
मग या माणसाला काय पडली होती?
कुणा जुळाऱ्याचा पगार कापला जाणार होता का?
की गोठलेल्या तळ्यावर गिरमिट फिरवणाऱ्याला
एवढं तरी कळतं,
की पुढचा आपल्या आकड्यावर पाय ठेवून चालणार?

आमच्याकडे पूर्वी हिशेबाच्या तळाशी लिहीत,
चू. भू. द्या. घ्या.
युताला ते समजावताना मी
'द्यावी'पाशीच अडखळलो.
कारण एकशे तेरावा मी आहे.
माझा निबंध, पान नऊ, चौदा. मार्चमध्ये छापून आला,
यादीत वरून चौथ्या नियतकालिकात.

ती काही बोलली नाही.
स्कॅनरचं झाकण उघडून म्हणाली, धरा,
काचेवरून उडते ती. हात हलवू नका.
उजेड सरकत गेला, बोटांखालून, हळू.

पडद्यावर आलं: पान अठ्ठ्याऐंशी-अ.
सारापूची सही, आणि कोपऱ्यात
माझा अंगठा, रेघारेघांसकट.

पुन्हा काढू या का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली.
आणि पुढचा अंक मांडीवर घेतला.