पिवळ्या खुर्च्या

सव्वीस होत्या. वही काढून बघितली.
आंब्यासारखा पिवळा, दोन हात, वर चकाकी.

मंगळवार पेठेतली पहिली बाई देईना.
"पैसे परत देतायसा? म्हंजे काहीतरी घोळ हाय."
रंगात शिसं निघालंय, म्हटलं, तपासणीचा कागद दाखवला.
ती कागदाकडं नाही, खुर्चीकडं बघत राहिली.

पाठीच्या काठावर
दोन वर, दोन खाली,
तांदळाएवढ्या खुणा.
आत फिकं लाकूड.
मी त्यावर अंगठा ठेवला, उगाच.

आबा शिसवीचे पाट करायचे.
माझ्या वाट्याला नुसतं शिसं.
डबा दीडशेनं स्वस्त होता, चमकही बरी यायची.

दिवे लागेस्तोवर टेम्पोत तेवीस.
दोन घरं गडहिंग्लजकडं गेलीत, फोन लागत नाही.
एकजण म्हणाला, ऱ्हाऊ दे की,
आता तुळशीची कुंडी ठेवलीय तिच्यावर.

जाळायच्या नाहीत, धूर.
घासायच्या नाहीत, धूळ.
रंकाळ्याचं तर नावच नको.
माळ्यावर रचल्यात, पाय वर करून.

शटर ओढताना शिकलगारांचा इरफान विचारतो,
"मामा, नव्या ऑर्डरीला रंग कंचा?"

कोऱ्याच ठेव, म्हटलं.
आणि काठ गोल घास, बारीक पॉलिश पेपरनं.
चावणार तर हायतच.