अळणी

देओलिंदाबाईंनी पिशवी काउंटरवर उपडी केली.
तीन डबे, गुडघ्यांसाठीची एक पट्टी,
चष्म्याचं कापड,
आणि निळ्या झाकणाची मिठाची बरणी.
"उभी राहिले," म्हणाल्या, "की जमीन सरकते,
ओहोटीला खाडी सरकते तशी."

बाहेर आवेइरोचा सप्टेंबर.
मिठागरांत शेवटचे ढीग, अजून ओले.
तीस वर्षं या बाईंनी डोक्यावरून मीठ वाहिलं,
टोपलीतून गळणारं खारं पाणी
मानेवर वाळत राहिलं.
आता डॉक्टर म्हणतात, अळणी खा.
मुलीनं फ्रान्सहून ही बरणी पाठवली,
मीठ नसलेलं मीठ.

मी डबे वाचले.
रामिप्रिल, त्यांच्या नावाची.
लघवीची गोळी, तीही त्यांचीच.
तिसऱ्यावर नाव बेल्मिरो.
लोसार्टन, रात्री एक.

बेल्मिरो जुलैअखेर गेले.

"दाबाचीच ना तीही?
छप्पन्न उरल्या होत्या. टाकवेनात.
तो घ्यायचा त्या वेळेला मी घेते,
पेलाभर पाण्याबरोबर."

खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं पाहिली होती,
ही वाहिलेल्या मिठालाही जागणारी.
त्यांना कसं सांगू,
की या दोन गोळ्या एकाच दाराच्या राखणदार,
दोघींना एकदम उभं करायचं नसतं.
की मूत्रपिंडं कुरकुर न करता थकतात,
त्यात ही गुडघ्यांची पट्टी.
की बरणीत पोटॅशियम आहे,
ते रक्तात साचलं तर हृदयाचा ठेका चुकतो.

सांगितलं. बोट ठेवून, दोनदा.
दवाखान्याला फोन लावला:
रक्त आजच तपासायचं,
बेल्मिरोंची गोळी, पट्टी, बरणी बंद,
बाकीचं डॉक्टर ठरवतील,
आपल्या मनानं काही सोडायचं नाही.

त्यांनी पट्टी दिली. बरणी तर ढकललीच,
"मिठाच्या गावात हे सोंग!"
डबा मात्र हातातच.
सतरा गोळ्या एकेक करून मोजल्या,
माझ्या तळहातावर ठेवल्या.
रिकामा डबा पिशवीत परत गेला,
नावाची बाजू आत.

दारापाशी थांबल्या.
"मग रात्री दहाला मी काय करू?"

औषधांच्या सगळ्या जोड्या मला पाठ आहेत.

"पाणी प्या," मी म्हणाले.
"पेलाभर."