व्यवसाय : मेंढपाळ

कार्डावरचा तुझा फोटो बरा आला आहे, सौमित्र.
त्याच्याखाली एक अरबी शब्द.
तेहतीस वर्षांत मी इथल्या पाट्या वाचायला शिकलो,
बिलं वाचायला शिकलो,
हाही लागला : राई.
म्हणजे मेंढपाळ.

आपल्याकडे राईचा पर्वत करतात.
रुवीत पर्वत आयतेच आहेत,
खिडकीला टेकलेले, भाजल्या विटेच्या रंगाचे,
गवताची एक काडी नसलेले.

बरक्याला सालिमचा गोठा आहे.
तिथे तू चाळीस शेळ्या राखतोस
असं सरकारला वाटतं.
तू राखतोस हॉलमधला सोफा,
पडद्यामागची गादी,
आणि दुपारी तीनपर्यंत एसीचा सोळावर अडकलेला आकडा.
सालिमला दर दोन वर्षांनी मी साडेसहाशे रियाल देतो,
तुझ्या न चरणाऱ्या शेळ्यांचा चारा.
भला माणूस. मोजून घेत नाही.
निघताना म्हणतो, मुलाला एकदा आण,
शेळ्या तरी दाखवू.

कार्डाला इथे बताका म्हणतात.
आपली माणसं सरळ पताका म्हणतात.
तुझा पुण्याचा निकाल आला तेव्हा
मी ऑफिसभर पेढे वाटले होते,
कुंजुमोनने दोन घेतले.
परवा लिफ्टमध्ये त्याने विचारलं, मुलगा काय करतो?
मी म्हटलं, लाइव्हस्टॉक.
तो म्हणाला, चांगला स्कोप आहे.

मी हिशेबाचा माणूस.
इथल्या पैशाला टिंबानंतर तीन घरं असतात,
तिन्ही धुंडाळली.
तुझी कंपनी बुडाली, ती एक ओळ.
मग मुलाखती,
मग मुलाखतींनंतरची शांतता,
मग फोन पालथा ठेवायची सवय.
नेमकं कुठे चुकलं ते सापडत नाही.
रक्कम जुळेनाशी झाली की आम्ही
'किरकोळ' लिहून पान उलटतो.
तुला किरकोळ लिहिता येत नाही.

तुझी आई वेगळं खातं ठेवते.
दर गुरुवारी तुझ्या जीन्सच्या खिशात
पाच रियालची नोट सरकवते,
मशीन लावते,
आणि दोरीपाशी उभी राहून ओरडते,
अरे, खिसे बघत जा, पैसे भिजले तुझे!
तू म्हणतोस, हो, विसरलो.
दोघांनाही तालीम लागत नाही.

आम्ही तुला काही बोलत नाही.
हे प्रेम की भीती, मी अजून ठरवलेलं नाही.
एकदाच बोललो होतो, पानात भात असताना.
तू उठलास, ताट धुतलंस,
आणि पुढे आठवडाभर आमची ताटंही.
तेव्हापासून भांड्यांचा आवाज
मला सोसत नाही.

यंदा पगार दोन महिने अडकला.
तुला सांगितलं नव्हतं.
सालिमकडे मुदत मागितली ती बाथरूममधून,
नळ सोडून.

आज ऑफिसात पेनासाठी खिशात हात घातला
तर पाच-पाचच्या नोटा. सात.
मऊ पडलेल्या, कडांना पांढुरक्या,
अंगाला साबणाचा वास.
शुभदाला फोन केला.
ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मी नाही.

घरी आलो तर एसी बंद.
तू खिडकीशी बसलेला, बनियन घामाने चिकटलेलं,
समोर तेच बोडके डोंगर.
मी काही विचारलं नाही.
बूट काढता काढता एवढंच म्हटलं,
शुक्रवारी बरक्याला जायचं का?
सालिम कधीचा बोलावतोय.

तू मान वळवली नाहीस.
चाळीसच आहेत ना, म्हणालास,
मोजून येऊ.