आठे शे

एप्रिलात चोपड्याला रात्री दहा वाजताही
पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं तापतं.
डेअरीच्या मागच्या खोलीत, इन्क्युबेटरच्या घरघरीत,
मी तबकड्यांवरचे ठिपके मोजते.
परवा वीस होते. काल दोनशे.
आज बोट मध्येच थांबलं
आणि वहीत लिहिलं : अगणित.

तीन आठवडे पिशव्या परत येताहेत
यावलहून, धरणगावहून, फुगलेल्या, आंबूस.
साहेब म्हणाले, हे वरूनच येतंय.
वर म्हणजे सातपुडा. म्हणजे पाड्यावरचे कॅन.
म्हणजे जमना बारेलाचा तो चेपलेला कॅन,
झाकणाखाली निंबाचा पाला खोचलेला.
पाला बघितला आणि मी शिक्का मारला : परत.
तिनं काही विचारलं नाही.
कॅन सायकलला बांधला, दोरीला दोन गाठी जास्त मारल्या.

इकडे आम्ही रोज धूत होतो.
कॉस्टिक, पंचाहत्तर अंश, अर्धा तास.
मग ॲसिड. मग पाणी. मग पुन्हा पाणी.
टाकीत तोंड दिसायचं, टिकली सरळ करता यायची.
चमकतं ते स्वच्छ असतंच असं नाही,
हे मी फैजपूरला पाच मार्कांसाठी लिहिलं होतं.
पाचपैकी साडेचार मिळाले होते.

सुपडू आप्पा फिटर. निवृत्तीला चार महिने.
त्याला वही दाखवली तर म्हणाला, माले वाचता येत नही,
बॅटरी धर.
नळीवरून हात फिरवत गेला,
बैलाच्या पाठीवरून गोचीड शोधत जावं तसा,
आणि जुनी टाकी काढली तिथे थांबला.
टाकी सहा वर्षांपूर्वी भंगारात गेली.
तिच्याकडे जाणारा वीतभर फाटा मात्र
टोपी घालून तसाच ठेवलेला.
पान्याचे तीन आटे. टोपी निघाली.
अंगठ्याचं नख आत घातलं, ओढलं,
माझ्यासमोर धरलं.
आठे शे, म्हणाला.
पानी जठे थांबस, तठे ती घर बांधस.

नखावर करडी, बुळबुळीत साय.
वास कुजका नव्हता. ओल्या पोत्याचा,
थोडा गोडसर.

आधी दुधाचंच एक अस्तर बसतं, डोळ्याला न दिसणारं.
बोअरचं जड पाणी त्यावर चुना चढवतं.
मग एक जिवाणू येतो, टेकतो, सुटतो,
पुन्हा टेकतो, आणि राहतो.
राहायचं ठरलं की अंगातूनच डिंक काढतो,
त्या डिंकाला दुसरा चिकटतो, त्याला तिसरा,
मध्ये पाण्याला वाटा ठेवतात,
खालच्यांना खायला मिळावं म्हणून.
औषध आलं की वरचा थर मरतो,
मेलेले तिथेच पडून राहतात, छपरासारखे,
आणि छपराखाली
काही चुकलेलं नसतं.
रोज पहाटे दूध सुरू झालं
की त्यातले थोडे सुटून निघतात
चोपड्यातल्या चहाकडे.

आप्पानं फाटा कापला, तोंड वेल्डिंगनं बंद केलं.
ठिणग्या फरशीवर उड्या मारत विझल्या.
मी रबराच्या सगळ्या चकत्या बदलल्या,
ब्रश घेऊन स्वतः घासलं, कोपरापर्यंत हात सोलवटला.
चौथ्या दिवशी तबकडीत सहा ठिपके.
साहेबांनी पेढे मागवले.

अहवालात कारणाचा रकाना असतो, दोन बोटं रुंद.
तिथे मी लिहिलं : बंद फाटा.
सहा वर्षं त्या फाट्यासमोरून रोज डबा घेऊन
जेवायला जात होते,
हे बसलं नाही त्यात.

रविवारी जमनाला फोन लावला.
मागे कोंबड्या, कुणाचं तरी लहान पोर.
म्हटलं, दूध तुमचं चांगलं होतं, चूक आमच्या नळीत होती,
उद्यापासून आणा.
ती म्हणाली, माहीत होतं.
मग म्हणाली, आता अडावदच्या भट्टीला देते,
तो खवा करतो, पैसे रोज देतो.
थोडं थांबून :
पाला मी माशा बसू नये म्हणून घालते, मॅडम.

फोन ठेवला.
हात साबणानं दोनदा धुतले
आणि बॅटरी घेऊन
दुसऱ्या मजल्याच्या नळ्यांकडे गेले.