रिकाम्या चौकटी

अकरा नंबरचा कॅमेरा सावराई सड्याच्या कडेला,
अंजनीच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळलेला.
गुडघ्याच्या थोडा वर,
गव्याचे पांढरे मोजे दिसावेत,
बिबट्याचा खांदा यावा, असा.
दर पंधरवड्याला मी कार्ड काढते, दुसरं घालते.
धाकलू झोरे माझ्याकडे पाठ करून
वाटेवर नजर ठेवतो.
तो रोजंदारीवर, मी पगारावर.
रान मात्र त्यालाच ओळखतं.

चैत्रातल्या कार्डावर दोन हजार एकशे चौदा फोटो.
राधानगरीच्या ऑफिसात, लाइट येत-जात असताना,
मी एकेक पुढं ढकलत गेले.
गवत.
गवत.
कातळ आणि गवत.
एक साळिंदर, तेही मागचं अर्धं.
गवत.

साहेब म्हणाले, रिकामे उडवा सगळे, जागा खातात.

या कॅमेऱ्याला आधी ऊब कळते, मग दिसतं.
समोरून ऊब हलली की तो टिपतो.
आणि आता दुपारी सड्याचा जांभा इतका तापतो
की वाऱ्यानं डुललेली वाळकी काडीही
त्याला जनावर वाटते.

हे मी धाकलूला सांगितलं.
त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
"रिकामं कुठं हाय बाई ह्ये?
आलंय की कोणतरी. दिसंना झालंय, एवढंच."

त्याच्या वाडीत वय कारवीवर मोजत.
सात वर्षांनी एक बहर,
धाकलू सात कारव्या आणि वर थोडा.
गेल्या भादव्यात ती या अंगाला फुलली,
त्या अंगाला नुसतीच पानं.
"आता माझं वय कुठल्या अंगानं धरायचं?"
असं म्हणून तो हसला,
आणि मग बराच वेळ हसला नाही.

वैशाखात एक गवा खाली उतरला.
भोगावतीच्या काठानं, उसातून उसात,
हळदी मागं टाकून, पुईखडीच्या उताराला.
तिथून पुढं कोल्हापूर.
सकाळी बांधावर माणूस मावेना.
कुणी दुचाकीवर उभं, कुणी ट्रॉलीच्या टपावर,
आणि सगळे हात वर, मोबाईल धरलेले.
मी दोरी धरून ओरडत होते, मागं सरा, मागं सरा.
तो धापत होता, तोंडाला फेस,
डावा कान टोकाला फाटलेला.
डॉक्टर पोचायच्या आत तो खाली बसला.
बसलेला गवा उठतो. हा उठला नाही.

त्या दिवशीचा एकही फोटो रिकामा नव्हता.

रात्री मी अकरा नंबरचं जुनं कार्ड पुन्हा लावलं.
फाटका कान सापडला.
फाल्गुनातली पहाट, दोन वाजून चाळीस मिनिटं.
आटलेल्या पाणवठ्याशी तो उभा,
तीन वाजून वीस मिनिटांनीही तिथंच,
मान खाली, चिखलाच्या पापुद्र्यांवर नाक टेकवून.
पुढच्या चौकटीत तो नाही.
त्यानंतर चैत्र.
त्यानंतर गवत.

अहवालात रकाने असतात. तारीख, वेळ, प्रजाती, संख्या.
दोन हजारांतला एकही फोटो मी उडवला नाही,
पण लिहायचं काय?
धाकलू खांद्यावरचा कॅन पाणवठ्यात रिता करत होता.
टँकर वरपर्यंत चढत नाही,
शेवटचा अर्धा कोस त्याच्या खांद्याचा.

"प्रजाती काय लिहू?"
"लिवा, ऊन."
"आणि संख्या?"
त्यानं कपाळावर हात धरून सड्याकडे पाहिलं,
खरंच मोजावं तसं.
"मोठा कळप हाय."

पाणी कातळात मुरायच्या आधी
मधमाश्या आल्या, दहा-बारा,
ओल्या कडेला ओळीनं बसल्या.
कॅमेऱ्याची टिकलीएवढी लाल बत्ती
पेटली नाही.
एवढीशी ऊब त्याला कळत नाही.